देवाची जन्मवेळ ठाऊक, माणसाची तारीख कोण सांगणार?

(श्री हनुमान मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्याच्या प्रसंगी सभामंडपात झालेल्या भाषणाचा मजकूर)



 कलश चढला, प्रसाद झाला, देणगीदारांची नावे दगडावर कोरली गेली. अशा मंगल प्रसंगी मोठमोठ्या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. परंतु आजचा विषय अगदी घरगुती आहे. तो म्हणजे वाढदिवस आणि पाऊस.

या मंडपात बसलेल्या कोणत्याही लहान मुलाला विचारावे की रामाचा जन्म केव्हा झाला? तो सांगेल, चैत्र शुद्ध नवमीला भर दुपारी बारा वाजता. कृष्णाचा? श्रावण वद्य अष्टमीला मध्यरात्री. त्या रात्री घरोघरी मातीचा कान्होबा बसतो. मारुतीरायाचा? चैत्र पौर्णिमेला सूर्योदयाच्या वेळी. देवांच्या जन्माचा दिवसच नव्हे तर घटकासुद्धा गावाला पाठ आहे. पण त्याच मुलाला आजीचा वाढदिवस विचारला तर तो आईकडे पाहतो, आई सासूकडे पाहते, आणि सासू हसून म्हणते, “माझा कसला वाढदिवस रे बाबा? रोवणीचे दिवस होते म्हणतात.”

हे उत्तर हसण्यावारी नेण्यासारखे नाही. त्या उत्तरात आजीचा अर्धा दाखला दडलेला असतो. तो कसा, हे सांगण्यासाठीच हा सगळा प्रपंच आहे.

जुन्या काळी धानाच्या मुलखात घड्याळ आणि कॅलेंडर यांचे काम पाऊस करीत असे. गोंदिया जिल्हा म्हणजे तलावांचा आणि बांध्यांचा प्रदेश. वर्षाकाठी साधारण बारा-तेराशे मिलिमीटर पाऊस येथे पडतो, आणि त्याचा बहुतेक भाग मृगापासून हस्तापर्यंतच्या नक्षत्रांत पडून जातो. मृग लागले की पऱ्हे टाकायचे, पुनर्वसु-पुष्यात रोवणी, पोळ्यापर्यंत निंदण आटोपले पाहिजे, हस्ताचा पाऊस आला तर भारी धान पोटात दाणा धरतो, आणि दिवाळीला हलका धान घरात आला की मंडईचे वेध लागतात. मग उभ्या धानात टाकलेली लाखोळी डोके वर काढते. माणसाचे जन्म, लग्ने आणि मरणे याच दोरीत ओवलेली असत. “थोरला आर्द्राचा, मधला मंडईचा, धाकटी शंकरपटाच्या वेळची” अशी घरची जन्मपत्रिका आई तोंडपाठ म्हणून दाखवीत असे.

नावांचेही तसेच होते. सोमा, मंगरू, बुधराम, सुकराम, शनिचर, इतवारी ही नावे वारांची आहेत. चैतराम, बैसाखू, फागू ही नावे महिन्यांची आहेत. शिकलेली मुले आज या नावांना लाजतात आणि आजोबाचे नाव कागदावर बदलून लिहितात. त्यांनी लाजू नये. ज्या घरात कोणाला अक्षर येत नव्हते त्या घराने मुलाचा जन्मवार त्याच्या नावातच नोंदवून ठेवला. आयुष्यभर कोणीही हाक मारली की ती नोंद पुन्हा वाचली जात असे. याहून स्वस्त आणि टिकाऊ दप्तर दुसरे कोणते असणार?

पुढे शाळा आली. मुलाला शाळेत नेऊन बसविले की गुरुजी विचारीत, “जन्मतारीख?” बाप डोके खाजवीत उभा राही. गुरुजी मुलाचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून पाहत. कान हाताला लागला म्हणजे सहा वर्षे पुरी झाली. मग दाखल-खारीज रजिस्टरात १ जुलै पडे. म्हणूनच एका पिढीतील अर्धा गाव १ जुलैला जन्मलेला दिसतो. प्रत्यक्षात १ जुलैला धानाच्या मुलखातल्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्यात गुरुजींचाही दोष नाही. त्यांना रकाना भरायचा होता, आणि बापाला चिखलात परत जायचे होते.

याचा अर्थ जन्माची नोंदच होत नव्हती, असा मात्र नाही. मध्यप्रांताच्या काळापासून गावचा कोतवाल जन्म-मृत्यू सांगत असे आणि ते कोतवाल पंजीत चढत असे. अशा जुन्या पंज्या तहसिलीच्या अभिलेख कक्षात बांधून ठेवलेल्या असतात. त्यांत बहुधा बापाचे नाव, जात, गाव, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढेच असते. मुलाचे नाव पुष्कळदा नसते, कारण तोवर बारसे झालेले नसे. म्हणजे नोंद आहे, पण ती आपलीच हे ओळखण्यासाठी घरची माहिती लागते. कागद आणि म्हातारीची आठवण ही दोन एकत्र आली तरच काम होते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या आजीचे नाव इतवारीबाई आहे. तिच्या आधार कार्डावर कोणीतरी अंदाजाने १ जानेवारी १९६१ ही तारीख टाकली आहे. तिच्या पाठचा भाऊ चार इयत्ता शिकला, म्हणून त्याच्या दाखल्यावर १ जुलै १९५४ आहे. कागदावर ताई भावापेक्षा साडेसहा वर्षांनी लहान झाली! श्रावणबाळ योजनेचे वेतन पासष्टाव्या वर्षापासून मिळते. कार्डाप्रमाणे तिला पासष्ट पूर्ण होणार १ जानेवारी २०२६ ला. हात थकले, डोळे गेले, बिड्यांचा सूप उचलवत नाही, पण कागद म्हणतो की बाई अजून तरुण आहे.

आता तिला शेजारी बसवून विचारा. ती सांगते, “मालगुजारी गेली त्या सालची मी. पोळ्याच्या पाडव्याला झाली. पूर्वाचा पाऊस धो-धो चालू होता म्हणे.” झाले! तिने सर्व काही सांगून टाकले. या प्रदेशात मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. त्या वर्षी श्रावण अमावास्या, म्हणजे पोळा, १ सप्टेंबरला होता. पाडवा २ सप्टेंबरचा. पूर्वा नक्षत्र ऑगस्टच्या अखेरीस लागते, म्हणून पूर्वाचा पाऊसही जुळतो. आणि २ सप्टेंबर १९५१ रोजी वार कोणता होता? रविवार. म्हणजे इतवार. म्हणून नाव इतवारी! म्हातारीच्या साध्या बोलण्यातील तीन गोष्टी आणि चौथे तिचे स्वतःचे नाव, अशा चारही साक्षी एका तारखेवर येऊन उभ्या राहतात. त्या तारखेप्रमाणे तिला पासष्ट वर्षे २ सप्टेंबर २०१६ रोजीच पूर्ण झाली होती. एका चुकीच्या रकान्याने नऊ वर्षांहून अधिक काळ खाल्ला.

असा हिशोब हा पुरावा नव्हे, हे मात्र नीट लक्षात ठेवावे. कचेरीत अंदाज चालत नाही आणि चालूही नये. पण अंदाजाने पुराव्याचे पान सापडते. “सन १९५१, सप्टेंबरचा पहिला आठवडा, अमुक मौजा, बापाचे नाव तमुक, मुलगी” एवढे अर्जात लिहिले तर शोधणाऱ्याला एक गठ्ठा सोडून एक पान पाहावे लागते. नुसते “माझ्या आईची जन्मनोंद द्या” म्हटले तर वीस वर्षांची दप्तरे उघडावी लागतात, आणि ती कोणी उघडत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. नोंद नाहीच सापडली तर मतदार यादीतील वय, शिधापत्रिका, किंवा ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा अथवा त्यांच्याहून वरिष्ठ अधिकाऱ्याचा वयाचा दाखला, असे मार्ग आहेत. मार्ग माहीत नसल्यामुळे पुष्कळ म्हातारी माणसे घरीच बसून राहतात.

साल ओळखण्यासाठी प्रत्येक गावाजवळ खुणेचे दगड असतात. ते एकदा मांडून ठेवले की काम सोपे होते. १९५६ च्या १ नोव्हेंबरला हा मुलूख मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आला. १९६० च्या १ मे रोजी महाराष्ट्र झाला. १९७० साली इटियाडोह धरण झाले. १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रभर आठवला जातो, आणि त्याच साली अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगड भागात तिबेटी निर्वासितांची वसाहत बसली. १९८० च्या १६ फेब्रुवारीला शनिवारी मोठे सूर्यग्रहण झाले. दुपारी लोक दारे लावून बसले होते. १९९५ साली दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, २४ ऑक्टोबरला, पुन्हा ग्रहण आले. १९९७ च्या २२ मे रोजी मध्यरात्रीनंतर जबलपूरला भूकंप झाला. १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. २०२० च्या ऑगस्ट अखेरीस वैनगंगेला महापूर आला. “ग्रहणाच्या दिवशी झाला” असे एखादी आई म्हणाली तर ती तारीख पंचांगापेक्षाही पक्की समजावी.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. एकाच घरात, एकाच खोलीत, एकाच सुईणीच्या हातून झालेली चार माणसे घ्या. १९५५ सालचा थोरला भाऊ मध्यप्रदेशात जन्मला, तेव्हा राजधानी नागपूर होती. १९५८ सालचा धाकटा मुंबई राज्यात जन्मला. १९६१ सालची बहीण महाराष्ट्रात, जिल्हा भंडारा. आणि २००० सालचा नातू जिल्हा गोंदिया. घर तेच, अंगणातील तुळस तीच, पण पत्ते चार! म्हणून जुना कागद शोधताना आजचा तालुका पाहून चालत नाही. अर्जुनी मोरगावकडची गावे पूर्वी साकोली तहसिलीत होती. दप्तर कुठे राहिले, हे आधी विचारावे.

हे जुने कागद केवळ वृद्धांच्या वेतनासाठीच लागतात असे नव्हे. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचा घराण्याचा पुरावा विचारला जातो. नातवाचे वसतिगृह आणि नातीची नोकरी कधी कधी पणजोबाच्या जन्माच्या एका ओळीवर अडून राहते. ज्या कोतवालाने ती ओळ पावसात भिजत जाऊन सांगितली, त्याला काय कल्पना असेल!

जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा राज्यात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. जन्म एकवीस दिवसांत नोंदवावा लागतो. त्यानंतर विलंब शुल्क, एक वर्ष उलटल्यावर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशा एकावर एक पायऱ्या वाढत जातात. नाव न घालता नोंद केली असेल तर ते पंधरा वर्षांपर्यंत घालता येते, तरी पुष्कळांच्या दाखल्यावर नावाचा रकाना कोराच राहतो. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळेपासून नोकरीपर्यंत जन्माचा दाखला हाच मुख्य कागद ठरला आहे. आता हात कानाला लावून काम भागणार नाही.

वाढदिवस साजरे करण्याची हौस अलीकडे पुष्कळ वाढली आहे. बसस्थानकावर शुभेच्छांचे फलक लागतात. फलक इतका मोठा की मागचे झाड दिसत नाही. केक कापला जातो, मोबाईलवर फोटो फिरतात. त्यात वाईट काही नाही. पूर्वी पाटावर बसवून निरांजनाने ओवाळीत, हातावर गुळाचा खडा ठेवीत, इतकेच. पण जिल्ह्यात असेही वाढदिवस आहेत की ज्यांच्यामुळे दुसऱ्याचे काही भले होते. ९ फेब्रुवारीला स्व. मनोहरभाई पटेल यांची जयंती गोंदियाला होते. १९०६ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली, आणि त्यांच्या जयंतीला गुणवंत विद्यार्थ्यांना सुवर्णपदके दिली जातात. गोठणगावच्या तिबेटी वसाहतीत ६ जुलैला दलाई लामांचा वाढदिवस होतो. इकडे रोवणीचा चिखल आणि तिकडे प्रार्थनेच्या पताका. नवेगावबांधच्या जंगलात वर्षे काढलेले मारुती चितमपल्ली ५ नोव्हेंबर १९३२ चे. त्यांचा जन्मदिवस आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर, या दोहोंमधील आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी गेले, पण दरसाल त्यांच्या वाढदिवसाला शाळेची पोरे तलावावर पाखरे मोजायला जातात. माघ पौर्णिमेला कचारगडच्या गुहेत गोंडी बांधव दूरदूरच्या राज्यांतून येतात आणि आपल्या कुळाचे मूळ आठवतात. तोही एका अर्थी समाजाचा वाढदिवसच.

आणि आमगावजवळचे पदमपूर? संस्कृत नाटककार भवभूती आठव्या शतकातला. त्याने आपल्या नाटकाच्या प्रारंभी आपल्या पूर्वजांचे गाव विदर्भातील पद्मपूर असे सांगितले. विद्वान वा. वि. मिराशी यांनी ते गाव म्हणजे हेच पदमपूर, असे मत मांडले. आता पाहा, एवढ्या मोठ्या कवीची जन्मतारीख कोणालाही ठाऊक नाही, कारण ती कोणी लिहिली नाही. पण गावाचे नाव बाराशे वर्षे टिकले, कारण ते लिहिले गेले. लिहिण्याची किंमत याहून अधिक काय सांगावी?

छोटी लाईन आठवत असेल. या शतकातील मुलांना ती माहीत नाही. गोंदियाहून बालाघाट-नैनपूरकडे आणि नागभीडकडे जाणारी ती लहानशी गाडी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू झाली. तिच्या शिट्टीवर शेजारच्या गावांतील बायका चूल पेटवीत आणि गडी बैल सोडीत. पुढे रूळ रुंद झाले, गाडी मोठी झाली. सोयच झाली, तक्रार नाही. पण शिट्टीबरोबर “सकाळच्या छोट्या गाडीला झाला” ही जन्मवेळ सांगणारी पिढीही निघून चालली आहे. तिबेटी वसाहत बसताना पाहिलेली, ग्रहणात दार लावून बसलेली, नक्षत्रावरून महिना सांगणारी माणसे आता पिकल्या पानासारखी आहेत. दर पावसाळ्यात त्यांतील चार-दोन गळतात. त्यांच्याबरोबर गावाचा एकेक गठ्ठा कायमचा बंद होतो. कचेरीतला गठ्ठा वाळवीने खाल्ला तरी कधी नक्कल सापडते. या गठ्ठ्याची नक्कल नाही.

म्हणून या मंगल प्रसंगी मंदिर समितीपुढे आणि ग्रामस्थांपुढे एकच नम्र सूचना ठेवायची आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ३० एप्रिल १९०९ रोजी जन्मले. त्यांचा जन्मदिवस विदर्भात त्यांच्याच इच्छेप्रमाणे ग्रामजयंती म्हणून होतो. स्वतःचा नव्हे, गावाचा वाढदिवस! गावाला एवढा चांगला दिवस आयता मिळालेला असताना तो वाया का घालवावा? सभामंडपात एक जाड बांधणीची वही ठेवावी. तिला गावाची वही म्हणावे. ग्रामजयंतीच्या संध्याकाळी साठीपुढच्या प्रत्येक माणसाला मंडपात बसवावे, आणि शाळेतील मुलांनी त्यांच्याजवळ बसून विचारून लिहावे. नाव काय, ते नाव का पडले, आईचे माहेर कोणते, जन्म कोणत्या नक्षत्रात, कोणत्या सणाच्या मागेपुढे, त्या साली गावात विशेष काय घडले, भावंडांत कितवा नंबर. म्हाताऱ्या बायकांना आधी बसवावे, कारण त्यांच्यापैकी शाळेत गेलेल्या थोड्या आणि त्यांच्याजवळ कागद सर्वांत कमी. त्याच वहीच्या मागच्या बाजूला त्या वर्षी मृग कधी बरसला, रोवणी कधी संपली, कोणता बांध फुटला, कोणाच्या घरी बाळ आले, कोण देवाघरी गेले, हेही लिहावे. यासाठी देणगी लागणार नाही. एक वही आणि वर्षातील एक संध्याकाळ पुरे.

आणखी एक काम. ज्यांच्या घरी पासष्टीच्या पुढचे माणूस आहे आणि कागद चुकीचा आहे, त्यांनी पुढच्या बाजारापर्यंत थांबू नये. आधी घरी विचारावे, मग तारीख जुळवावी, मग अर्ज करावा. गावातील दहावी-बारावी झालेल्या मुला-मुलींनी एकेका आजीचा अर्ज आपल्या हाताने लिहून द्यावा. मंदिराला पायरी दिली तर पुण्य लागते, असे म्हणतात. ज्या म्हातारीला कचेरीची पायरी चढवत नाही तिच्यासाठी ती पायरी चढणे, हेही पुण्याचेच काम आहे.

जुन्या पुष्कळ गावांतील मारुतीसारखेच या मारुतीचे मूळ देऊळ कोणत्या साली उभे राहिले, हे कोणालाही नक्की सांगता आले नाही. कोणी पूर्वजांनी दगड शेंदरून ठेवला, कोणी माती वाहिली, कोणी बांधीच्या कामातून उसंत काढून भिंत उभी केली. त्यांची नावे राहिली नाहीत. यावेळी मात्र समितीने कळसाचे साल कोरून ठेवले, हे फार योग्य झाले. पुढच्या पिढीला देवळाचा वाढदिवस विचारला तर ती सांगू शकेल. तसेच देवळात येणाऱ्या माणसांचेही सांगता यावे, एवढीच इच्छा.

ज्यांनी श्रम केले, धन दिले, धान दिले, आणि ज्यांनी काहीच देण्याची ऐपत नसताना रोज संध्याकाळी येऊन कामाकडे मायेने पाहिले, त्या सर्वांना मारुतीराय उदंड आयुष्य देवो, वेळेवर पाऊस पडो, बांध्या भरोत, आणि गावातील प्रत्येक माणसाच्या आयुष्याची एक तरी ओळ शाईने लिहिली जावो, अशी श्रीचरणी प्रार्थना करून हे भाषण येथे पूर्ण होते.

बोला, बजरंगबली की जय!